थोडासा लाल

"ताई, बघ गं जरा. फार लाल दिसतोय का?" यमूने चष्मा काढला आणि उजवा डोळा गोदावरीपुढे धरला. यमूची सून आरोही फुलांच्या परड्या गाडीत ठेवायला खाली गेली होती. विंचूरला यमूच्या पुतण्याचा साखरपुडा होता आणि ऊन चढायच्या आत निघायचं होतं. तिची थोरली बहीण गोदावरी सैल करून दिलेला ब्लाऊज घेऊन सिडकोतून सकाळच्या बसने गंगापूर रोडला आली होती. तिने अंगठ्याने यमूची वरची पापणी उचलली आणि म्हणाली, "खाली बघ." यमूने मुकाट्याने खाली बघितलं. पापणीखाली, जिथे काचबिंदूच्या ऑपरेशनात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातलं पाणी निघून जायला बारीक वाट करून दिली होती, तिथे कातडीचा इवलासा फुगा असतो. एरवी तो काचेसारखा असतो, शोधूनही सापडत नाही. आज तो लांबूनही दिसला असता. चहूकडे लाली पेटलेली आणि मधोमध तो दुधाळ, घट्ट, पांढरा. हा पांढरा रंग गोदावरीने आयुष्यात एकदाच पाहिला होता, स्वतःच्या डाव्या डोळ्यात, बेसिनवरच्या आरशात. तिसऱ्या दिवशी तो डोळा गेला होता. तिने पापणी सोडली. बोटाला यमूच्या क्रीमचा गारवा लागला होता. "थोडासा लाल आहे," ती म्हणाली. "गार पाणी मार."

यमूच्या कपाळावरची आठी लगेच उतरली. ताईने बघितलं होतं, आणि डोळ्यांच्या दुखण्यातलं ताईला सगळं कळतं हे या घरात धरूनच चाललेलं होतं. "बरं झालं बाई तू आलीस," यमू म्हणाली, "नाहीतर आजच्या दिवशी दवाखान्यात पळावं लागलं असतं. रात्रीपासून टोचतंय, झोंबतंय. म्हटलं, ताईला दाखवू आधी." तिने बाथरूमचा नळ सोडला. गोदावरी हॉलमध्ये उभी राहून त्या पाण्याचा आवाज ऐकत होती. ओंजळीतून पाणी चेहऱ्यावर आपटल्याचा आवाज, एकदा, पुन्हा एकदा. मग यमू टॉवेलने चेहरा टिपत बाहेर आली, हिरव्या पैठणीत, साठीला टेकलेली तरी कमरेत सरळ. "चल ना तूही," म्हणाली. पण ते दारातलं म्हणणं होतं, आणि दोघींनाही ते कळलं. "माझी कामं पडलीत," गोदावरी म्हणाली, आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरायला लागली. पायऱ्या ओळखीच्या नव्हत्या. कठड्याला हात घासत ती एकेक पायरी चाचपत उतरली. आपण काय केलं हे तिला ठाऊक होतं, पण ते अजून तिच्यापाशी आलं नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसासारखं ते तिच्याकडे नुसतं बघत होतं.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. उरलेल्या उजव्या डोळ्याला आता मधलंच तेवढं दिसायचं, नळीतून बघावं तसं. अशोकस्तंभ त्या नळीत आला आणि गेला. द्राक्षांची एक हातगाडी आली, तिचा अर्धाच भाग, आणि विकणारा माणूस तर नाहीच. काचबिंदू आधी तिला झाला होता. दुखलं नाही, खुपलं नाही, कडेकडेचं जग कोणीतरी हलक्या हाताने उसवत नेलं, आणि ती शिवणाच्या मशीनवर वाकून ब्लाऊजमागून ब्लाऊज शिवत राहिली. कळलं तोवर निम्मं गेलेलं होतं. उरलेलं वाचवायला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे रक्तात असतं, सख्खी भावंडं असतील तर तपासून घ्या. आणि यमूला हाताला धरून कोणी नेलं? गोदावरीनेच. यमू कुरकुरत होती, मला काही होत नाही म्हणत होती. तपासलं तर निघालाच. पण नुसती सुरुवात. "ताईंचे आभार माना," डॉक्टरीणबाई यमूला म्हणाल्या, "वेळेत आलात." यमूच्या एका डोळ्याला थेंब पुरले, दुसऱ्याचं ऑपरेशन अगदी नीट झालं, आणि महिन्याभरात ती पुन्हा गाडी चालवायला लागली. तेव्हापासून यमू काही वाचायला लागली, लांबची पाटी मोठ्याने म्हणायला लागली, की गोदावरीच्या छातीखाली काहीतरी चुरचुरायचं, चिरलेल्या बोटाला मीठ लागल्यावर चुरचुरतं तसं. आपलं बिघडलं म्हणून हिचं वाचलं. हे वाक्य तिने कधी कोणाला सांगितलं नाही. पण भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना ते तोंडात घोळत असायचं.

आणि हेच काय एक होतं. घोटीला माहेरी, भाताच्या गिरणीमागच्या दोन खोल्यांत असल्यापासून यमूच्या वाट्याला सगळं जरा जास्तच आलेलं होतं. लग्नात तिचं यमुना नाव बदलून यामिनी ठेवलं, विंचूरच्या कांदा व्यापाऱ्याच्या घरात यमुना नाव जुनाट वाटलं असेल. गोदावरीचं नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही. जशी आली तशी तिला ठेवून घेतली. आई, भागीबाई, शेवटच्या वर्षांत पार आंधळी झाली होती. तेव्हा त्याला कोणी काचबिंदू म्हटलं नाही, वय झालं म्हटलं. ती ओसरीत बसून तांदूळ बोटांनी निवडायची आणि माहेरी आलेल्या लेकींचे चेहरे चाचपायची. यमूच्या गालाला हात लागला की लगेच म्हणायची, "आली का गं माझी यमू." आणि गोदावरीच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून विचारायची, "कोण हाय?" दर खेपेला विचारायची. एकदा गोदावरीने आवाज बारीक करून सांगितलं, "मी यमू." त्याबरोबर आईचा सुरकुतलेला चेहरा असा काही उमलला, तिने दोन्ही हातांनी गोदावरीचं डोकं जवळ ओढून घेतलं, आणि गोदावरी तिच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ यमू होऊन पडून राहिली. ते सुख होतं का अपमान, हे तिला बसमध्येही ठरवता आलं नाही. बस त्र्यंबक नाक्यावर थांबून राहिली होती. कोणीतरी सुट्ट्यांवरून कंडक्टरशी भांडत होतं.

मग सार्थकचं लग्न. यमूचा एकुलता एक मुलगा, आरोहीशी ठरलेलं लग्न, आणि घरातल्या बायकांचे सगळे ब्लाऊज गोदावरीकडे. मण्यांचं काम, आरशांचं काम. "परक्या टेलरकडे देववत नाही गं," यमू म्हणाली होती. हळदीच्या आदल्या दिवशी डोळा टोचायला लागला. गोदावरीला वाटलं, ताण आला. हळदीच्या दिवशी लाल झाला. बेसिनच्या आरशात तिने पापणी उचलून बघितलं आणि पांढरा ठिपका दिसला. पण तो काय असतो हे तिला कुठे ठाऊक होतं? ऑपरेशनच्या वेळी सांगितलेलं एवढंच लक्षात राहिलं होतं, की डोळा लाल झाला तर लगेच या. लगेच म्हणजे किती लगेच, हे मनावर ठसलं नव्हतं. आजच्या दिवशी कशाला, म्हणून ती थांबली. लग्नातल्या सगळ्या फोटोंत ती काळा चष्मा घालून उभी आहे आणि यमू शेजारी हसते आहे. तिसऱ्या दिवशी डोळ्याच्या आतच पू झाला होता. डॉक्टरीणबाई बोलताना तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या फुग्याच्या पातळ कातडीतून जंतू आत शिरतात, म्हणाल्या, ऑपरेशनला कितीही वर्षं होऊन गेली तरी शिरू शकतात, एकेक तास महत्त्वाचा असतो. यमू दवाखान्यात आली तेव्हा तिच्या हातांवरची मेंदी अजून काळीभोर होती, लग्नघरचा वास तिच्या साडीला होता, आणि ती हमसून हमसून रडली. दोन्ही डोळ्यांनी. गोदावरीला तेव्हाही तेच दिसलं होतं, की ही दोन्ही डोळ्यांनी रडते आहे.

घरी येऊन तिने वरणभाताचा कुकर लावला. घरात दुसरं कोणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा अमोल पुण्याला असायचा. वरच्या मजल्यावर कोणीतरी फर्निचर सरकवत होतं. आता ते निफाडच्या पुढे गेले असतील, तिच्या मनात आलं. आता मंडपात. यमू मधोमध बसली असेल, बायका विचारत असतील डोळ्याला काय झालं, आणि ती सांगत असेल, काही नाही, ताईने बघितलंय. यमूला दिसेनासं झालं तर कसं होईल? याचं चित्र गोदावरीने बसमध्येच रंगवून पाहिलं होतं, हे आता तिला स्वतःशी कबूल करावं लागलं. चित्रात दोघी बहिणी तिच्या पलंगावर शेजारीशेजारी बसल्या होत्या. दोघींच्या चष्म्याची एकेक काच काळी होती. यमू गाडी चालवत नव्हती, पाट्या वाचत नव्हती, आणि गोदावरी तिला कसं चालायचं, जिना कसा उतरायचा ते शिकवत होती. प्रेमाने शिकवत होती. त्या प्रेमाचीच तिला आता किळस आली. कुकरची शिट्टी झाली. ती दुपारचा थेंब टाकायला पलंगावर आडवी झाली, बाटली उलटी धरली, थेंब पडला आणि खोलीतलं सगळं पाण्यात बुडाल्यासारखं पुसट झालं. त्या पुसटपणात तिला यमूने खाली बघितलेलं आठवलं. तिने खाली बघ म्हटलं आणि यमूने बघितलं. का, कशाला, काही विचारलं नाही. गार पाणी मार म्हटलं आणि तिने नळाचं पाणी ओंजळीने त्या उघड्या वाटेवर मारून घेतलं. गोदावरी ताडकन उठली. थेंब गालावरून ओघळून मानेत गेला. टेबलाचा कोपरा मांडीला लागला, फोन खाली पडला, तो तिने गुडघ्यांवर बसून चाचपत शोधला.

यमूने फोन उचलला नाही. आरोहीने उचलला, मागे सनई आणि बायकांचा कलकलाट. "बोला ना मावशी!"

"आरोही, यमूचा डोळा कसा आहे?"

"थोडा सुजलाय. धूसर दिसतंय म्हणाल्या मघाशी. पण तुम्ही सकाळी बघितलाय ना? त्या म्हणाल्या, ताईने सांगितलंय काही नाही म्हणून."

"तिला घेऊन निघा. आत्ता. सरळ दवाखान्यात आणा, मी तिथे येते."

"आत्ता? अहो, अंगठ्या व्हायच्यात अजून. जेवणं..."

"जेवणं राहू दे! आरोही, ऐक माझं. तो डोळा जाईल."

पलीकडे सनईचा आवाज लांब गेला, आरोही बाजूला आली असावी. मग आरोहीने विचारलं, "पण सकाळी तर..." आणि गोदावरीच्या तोंडून आपोआप, अगदी सहज बाहेर पडलं, "सकाळी मला नीट दिसलं नाही गं. एका डोळ्याने काय दिसणार?" आरोहीचा आवाज लगेच मऊ झाला. "निघतो आम्ही, मावशी," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर गोदावरी तशीच फरशीवर बसून राहिली. तिच्या गेलेल्या डोळ्याने तिला कधी काही दिलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्याने तिला पाठीशी घातलं होतं.

दवाखान्यात पोचायला त्यांना चार वाजले. डॉक्टरीणबाईंनी यमूला आत नेलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना एकदमच सांगितलं, की फुग्याला जंतुसंसर्ग झालेला आहे, आत नुकताच शिरू लागलाय, डोळ्यात इंजेक्शन देते आहे, रात्रंदिवस थेंब चालतील. "उद्यावर टाकलं असतं तर मी काही सांगू शकले नसते," त्या म्हणाल्या. सार्थकने वाकून गोदावरीला नमस्कार केला. यमूचे यजमान मल्हारराव, जे एरवी तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत, तिचा हात धरून म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून." सगळे कँटीनकडे गेल्यावर गोदावरीने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "सकाळी आलो असतो तर?" त्यांना वाटलं ही बाई उगाच स्वतःलाच दोष देते आहे. त्या जरा तुटकपणे म्हणाल्या, "सकाळी आला असतात तर कदाचित नुसत्या थेंबांवर भागलं असतं. पण आता ते कशाला काढायचं? आलात ना?"

ती यमूजवळ राहिली. आरोहीला घरी पाठवलं, तिनेच थेंबांचा ताबा घेतला. यमूची मान मागे, सुजलेली पापणी, तिच्यातून दिसणारी लाल फट, आणि त्या फटीत दर खेपेला थेंब सोडताना गोदावरीला असं वाटायचं की आपण काहीतरी परत करतो आहोत, आणि ते थेंबाथेंबानेच जाणार, भराभर ओतून चालणार नाही. दोन दिवसांनी लाली उतरायला लागली. माणसं भेटायला येत. यमू पडल्यापडल्या प्रत्येकाला तेच सांगे. "ताईला घरी बसून कळलं बघा. रक्ताचं असतं ते." मंडळी गोदावरीकडे बघून मान हलवत. पहिल्या दिवशी ते ऐकून ती उठून बाहेर गेली होती. दुसऱ्या दिवशी तिला त्याची थोडी सवय झाली. तिसऱ्या दिवशी विंचूरच्या एक बाई आल्या तेव्हा यमू सांगायच्या आधी आपण त्या सांगण्याची वाट बघतो आहोत, हे गोदावरीच्या लक्षात आलं. यमूच्या वाट्याचं कौतुक पहिल्यांदाच तिच्या वाट्याला आलं होतं, आणि तिला ते आवडत होतं. बाई गेल्या. ऊन खिडकीतून पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं.

"यमू," ती म्हणाली, "मला दिसलं होतं."

"काय?"

"सकाळी. त्या दिवशी तुझी पापणी उचलली तेव्हा. पांढरं झालं होतं. मी ओळखलं होतं."

यमू कोपरावर टेकून जराशी उठली. बाहेर कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरची चाकं वाजत गेली. "आणि गार पाणी मार म्हणालीस."

"हो."

"का गं, ताई?"

गोदावरीकडे उत्तरं पुष्कळ होती. घोटीची होती, लग्नातल्या फोटोंची होती, आईच्या बोटांची होती. वर्षानुवर्षं तिने ती घासूनपुसून ठेवली होती. पण यमूने तो अर्धवट उघडलेला डोळा तिच्याकडे वळवला होता, आणि त्या डोळ्यापुढे त्यातलं एकही खरं वाटेना. "तुझा चांगला डोळा मला बघवत नव्हता," ती शेवटी म्हणाली. "कधीपासूनच."

यमूने मान भिंतीकडे फिरवली. मग अगदी साध्या आवाजात, पाणी मागावं तशी, म्हणाली, "आरोहीला बोलावून घे. थेंब ती टाकेल."

त्यानंतर आरोहीच टाकत राहिली. गोदावरी रोज डबा घेऊन जायची आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर बसायची. आरोहीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती बाहेर येऊन "मावशी, तुम्ही नसतात तर" असं पुन्हा पुन्हा म्हणायची आणि उघड्या दारातून यमूला ते ऐकू जात असे. यमूने कोणाला काही सांगितलं नाही. ते मौन केव्हा मोडतं याची वाट बघत गोदावरी बसायची. ते मोडलं नाही, आणि तेच तिला जास्त जड जायचं. आठवड्याने यमूला घरी सोडलं. फोन आला नाही. संक्रांत आली, गोदावरीने तीळ भाजले, लाडू वळले, पाठवले नाहीत. रात्री आडवं पडल्यावर छातीखाली हात ठेवून ती बघायची. ती जुनी चुरचुर तिथे नव्हती. तिथे पोकळी होती, दात काढलेल्या जागी जीभ जात राहते तशी. यमूचा डोळा कसा आहे, तिला काही ठाऊक नव्हतं. मग हेवा करायचा तरी कशाचा?

फेब्रुवारीत एका दुपारी दारावर थाप पडली. यमू होती, एकटीच. जिना चढून दमली होती. "गाडी त्रिमूर्ती चौकात लावलीय," ती म्हणाली. "तुमच्या गल्लीत वळत नाही." ती आत येऊन मशीनजवळच्या स्टुलावर बसली. गोदावरीने पाणी दिलं. यमूने ते सगळं पिऊन टाकलं आणि भांडं मांडीवर धरून ठेवलं.

"दवाखान्यातल्या तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी आता वाचता येत नाहीत," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या आता येणार नाहीत."

गोदावरी उभीच होती.

"तेवढ्याच गेल्या. बाकी सगळं आहे." यमूने तिच्याकडे नीट, रोखून बघितलं. डोळा स्वच्छ होता, बुबुळाभोवती पांढराशुभ्र. "बरं वाटलं का तुला?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही वाटलं, यमू."

यमूने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. तिने माफ केलं असंही म्हटलं नाही, आणि गोदावरीनेही माफी मागितली नाही. यमूने इकडेतिकडे बघितलं, मशीनवर अर्धवट टाकलेला फॉल पडला होता, पिनकुशनला सुई टोचलेली होती आणि शेजारी दोऱ्याचं रीळ. सुई ओवून घ्यायला गोदावरी कधीपासून खालच्या मजल्यावरची मुलगी शाळेतून यायची वाट बघत होती. यमूने काही न विचारता सुई उपसली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि पहिल्या झटक्यात ओवलं. तिला ते काही विशेष वाटलंही नाही. आणि गोदावरीच्या छातीखाली ती चुरचुर परत आली, तीच, मिठाची, कडेपासून मध्यापर्यंत. इतकी ओळखीची की ती पलंगावर टेकली. म्हणजे डोळा होता. पुरता होता. हेवा वाटावा इतका.

"काय झालं?" यमूने विचारलं.

"वाटतोय," गोदावरी म्हणाली. "अजून वाटतोय गं मला."

काय वाटतोय हे यमूने विचारलं नाही. तिने दोरा लोंबत असलेली सुई पुढे केली. गोदावरीने हात लांबवला. एका डोळ्याला अंतर कळत नाही, तिची बोटं सुईच्या अलीकडेच हवेत मिटली. पुन्हा लांबवली, या वेळी पलीकडे गेली. यमूने सुई जवळ आणली नाही की तिचा हात धरला नाही. हात तसाच स्थिर ठेवून, दोन्ही डोळ्यांनी बघत, ताईच्या बोटांना ती सापडेपर्यंत ती थांबून राहिली.